भाडं म्हणून येतात ते पैसे कुणाचे?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देतो.

एसटी स्टँडजवळ त्यांचं झेरॉक्स, स्टेशनरी आणि जनरल स्टोअर आहे. यजमानांना अर्धांगवायू झाल्यापासून दुकान त्या एकट्याच बघतात. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीडेक वर्षापूर्वी जिल्ह्याच्या गावाहून एक माणूस आला. दुकानाच्या मागच्या भागात, प्लायवूडच्या आडोशाला, व्हिडिओ गेमची दोन मशीन लावू द्या म्हणाला. गल्ल्यातला चौथा हिस्सा तुमचा, वीजबिल माझं, परवाना भिंतीवर लावतो, वरपर्यंत सगळं सेट आहे. हा जुगार नाही, ‘स्किल गेम’ आहे, असंही त्याने सांगितलं. 50,000 रुपये डिपॉझिट दिलं, अकरा महिन्यांचा करार केला आणि पुढे तो वाढवला. मशीनवर पॉइंट जिंकले की कलेक्शनला बसणारा पोरगा रोख पैसे देतो. बाईंना महिन्याला साधारण 9,000 रुपये मिळतात आणि ते मुलाच्या हॉस्टेल-मेसला जातात.

आता गावातले बचत गट आणि व्यापारी संघटनेतले काही जण दुकानांमधली अशी सगळी मशीन बंद करा म्हणून निवेदन देत आहेत. सहीसाठी ते या बाईंकडेही आले. त्याआधी बारावीतला एक मुलगा परीक्षेच्या फीचे पैसे मशीनवर हरला होता, आणि त्याची आई दुकानात येऊन रडून गेली होती. बाई लिहितात: “मी तर फक्त जागा दिली आहे. खेळायला कुणाला बोलावत नाही. मी काढली तर समोरचा सलूनवाला उद्याच लावेल. सगळीकडची बंद झाली तर पोरं मोबाइलवर खेळतील. मग माझ्याच पोटावर पाय का? आणि स्वतःच्याच विरुद्धच्या कागदावर मी सही तरी कशी करू?”

ताई,

तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. त्यात सबबी आहेत, पण तुम्ही त्या मलाच ऐकवताय असं वाटत नाही. तुम्हाला स्वतःलाच त्या पुरेनाशा झाल्या आहेत, म्हणून तर पत्र लिहिलंत. त्या आईचं रडणं तुम्ही न लपवता सांगितलंत, यातच तुमचं मन कुठल्या बाजूला आहे ते कळतं. तरीही तुमचे प्रश्न खरे आहेत. 9,000 रुपये ही तुमच्या घरात चैनीची रक्कम नाही आणि आजारी नवऱ्याला सांभाळून दुकान चालवणाऱ्या बाईला उपदेश करायचा मला काही अधिकार नाही. म्हणून एकेक गोष्ट नीट बघू.

आधी पैशाचं. तुम्ही त्याला भाडं म्हणता. भाडं ठरलेलं असतं. गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय, जागेचे पैसे तेवढेच. तुम्हाला मिळतो तो गल्ल्याचा चौथा हिस्सा. म्हणजे महिन्याला तुमच्या हातात 9,000 पडतात तेव्हा त्या दोन मशीनमध्ये लोक 36,000 रुपये हरलेले असतात. वर्षाचे झाले 4,32,000. हे सगळे पैसे एसटी स्टँडवर उतरणाऱ्या अनोळखी माणसांचे नाहीत. तुम्हीच लिहिलंय की खेळणारे बरेचसे नेहमीचे आहेत: रिक्षावाले, मार्केट यार्डातले हमाल, कॉलेजची मुलं. तुमच्या दुकानात वह्या, साबण, चहापावडर घेणारी हीच घरं आहेत. 36,000 मधले 27,000 दर महिन्याला गावाबाहेर जातात. ज्या पैशातून तुमच्या दुकानात खरेदी झाली असती, तेच हे पैसे.

एक काम करा. उधारीची वही काढा आणि दीड वर्षापूर्वीची पानं आताच्या पानांशेजारी ठेवून बघा. मशीनवर बसणाऱ्यांच्या घरची उधारी किती वाढली, किती जणांनी थकवली, किती बायका आता छोटं पाकीट मागतात? मला उत्तर माहीत नाही. ते तुमच्या वहीत आहे. पण एवढं नक्की, की 9,000 रुपये तुमच्या खात्यावर जमेला मांडताना या बाजूची बेरीज आजवर केलेली नाही.

आता मशीनचा हिशोब. आपल्याला वाटतं की खेळणारा कधी जिंकतो, कधी हरतो, शेवटी नशीब. तसं नसतं. कुठल्या डावाला काय निघणार हे आतला प्रोग्रॅम ठरवतो आणि एकूण जमा पैशातला किती वाटा परत द्यायचा हेही त्यातच बसवलेलं असतं. समजा, मशीन शंभरातले 85 रुपये परत देतं. ऐकायला हे उदार वाटतं. पण एक डाव 10 रुपयांचा आणि मिनिटाला दहा डाव होत असतील, तर मिनिटाला 100 रुपये फिरतात आणि सरासरी 15 जातात. तासाला 900. हमालाची दिवसभराची मजुरी तासा-दीड तासात संपते, आणि तीही मधूनमधून ‘जिंकत’. अमेरिकेत नेवाडा राज्यात, जिथे लास व्हेगास आहे, मशीनने किमान 75 टक्के परतावा दिलाच पाहिजे असा नियम आहे आणि प्रत्येक मशीन तपासून मंजूर केलेलं असतं. तुमच्या प्लायवूडमागच्या मशीनमध्ये तो आकडा किती आहे? 85? 60? शनिवारी, पगाराच्या दिवशी, तो बदलला जातो का? तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही, पोलिसांनाही नाही. मशीनवाल्याशिवाय कुणालाच नाही. बिनतपासणीचं मशीन म्हणजे नेमकं हे.

त्यातच चित्रांची मांडणी अशी असते की दोन जुळतात आणि तिसरं अगदी थोडक्यात हुकतं. हरलेल्या माणसाला आपण जवळपास जिंकलोच होतो असं वाटतं. वीस रुपये लावून आठ परत आले तरी दिवे लागतात, संगीत वाजतं. बारा रुपये गेलेले असताना मेंदूला जिंकल्याची वर्दी जाते. बक्षीस केव्हा येईल याचा नेम नसला की माणूस सर्वांत जास्त चिकटून राहतो, हे मानसशास्त्राला गेल्या शतकापासून ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराची नोंद व्यसनांच्या गटात आहे. म्हणून ‘मी कुणाला बोलावत नाही’ हे म्हणणं मला टिकणारं वाटत नाही. बोलावण्याचं काम ते मशीनच करतं. तुमच्याकडून त्याला लागतं ते तुमच्या दुकानाचं चांगलं नाव. आईबाप मुलाला ‘काकूंच्या दुकानातून झेरॉक्स काढून आण’ म्हणून निर्धास्त पाठवतात. त्यांनी त्याला जुगाराच्या अड्ड्यावर कधीच पाठवलं नसतं.

कायद्याबद्दल मात्र थोडं स्पष्टच सांगायला हवं, कारण इथे तुमची फसवणूक झाली आहे.

आपल्याकडे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. इंग्रजांच्या काळातला असला तरी आजही पोलीस त्याखालीच गुन्हे नोंदवतात. त्यात जुगाराचं घर कशाला म्हणायचं हे सांगितलंय: जिथे जुगाराची साधनं ठेवली आहेत आणि त्यातून जागेच्या मालकाला, ताबेदाराला किंवा चालवणाऱ्याला नफा होतो, ती जागा. कलम 4 मध्ये जुगारघर चालवणाऱ्याच्या जोडीला आणखी एका माणसाचा उल्लेख आहे: माहीत असूनही आपली जागा त्यासाठी वापरू देणारा मालक किंवा ताबेदार. ‘मी फक्त जागा दिली’ हे वाक्य पोलीस ठाण्यात तुमचा बचाव ठरणार नाही, उलट ती कबुली ठरेल. आणि रीतसर वॉरंट घेऊन घातलेल्या छाप्यात साधनं सापडली, तर ती जागा जुगारघर आहे असं कायदा आधी गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. मशीनवाला जिल्ह्याच्या गावी बसलेला आहे. छाप्याच्या वेळी गल्ल्यावर तुम्ही असाल.

याच कायद्याचं कलम 13 केवळ कौशल्याच्या खेळांना सूट देतं. ‘स्किल गेम’ हा शब्द तिथून आला. तो खरा की खोटा हे ओळखायला वकील लागत नाही. दीड वर्षात तुम्ही असा एक तरी मुलगा पाहिलात का, जो सरावाने इतका तरबेज झाला की रोज येतो आणि जिंकूनच जातो? कॅरमला, बुद्धिबळाला असा मुलगा प्रत्येक गल्लीत सापडतो. तुमच्या मशीनवर तो सापडला असता तर मशीनवाल्याने महिन्याभरात गाशा गुंडाळला असता. सर्वोच्च न्यायालयासमोर 1995 मध्ये कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या व्हिडिओ गेमच्या परवान्यांचा प्रश्न आला होता. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या नावाने तो खटला ओळखला जातो. मशीनमध्ये फेरफार करून खेळणाऱ्याचं कौशल्य निरुपयोगी करता येतं ही बाब न्यायालयाने विचारात घेतली आणि अशा खेळांवर परवान्याचं बंधन घालायचा सरकारचा अधिकार मान्य केला.

ही युक्ती आपल्याकडचीच आहे असं समजू नका. अमेरिकेत केंटकी राज्यात पेट्रोल पंपांवर आणि किराणा दुकानांत अशीच मशीन ‘कौशल्याचे खेळ’ म्हणून घुसली होती, दुकानदाराला गल्ल्याचा वाटा देऊनच. 2023 मध्ये तिथल्या विधिमंडळाने त्यांच्यावर बंदी घातली आणि मशीनमागे 25,000 डॉलरपर्यंत दंड ठेवला. व्हर्जिनियात 2021 मध्ये बंदी लागू झाली, पण डिसेंबरमध्ये न्यायालयाची स्थगिती आली आणि ती 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत टिकली. मधल्या काळात मशीन चालूच राहिली. तिथेही छोटे दुकानदारच पुढे केले गेले: आमचं दुकान यावर चालतं, बंदी म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. ताई, तुमच्या पत्रातली काही वाक्यं तुमची स्वतःची आहेत आणि काही मशीनवाल्याने तुम्हाला दिलेली आहेत. ती वेगळी करून बघा.

भिंतीवरचा परवाना एकदा चष्मा लावून वाचा. तो कुणाच्या नावावर आहे? पत्ता तुमच्या दुकानाचा आहे की भलत्याच गावचा? किती मशीन, कुठल्या खेळांची, मुदत केव्हापर्यंत? करमणुकीसाठी व्हिडिओ गेम चालवायचा परवाना असू शकतो. मुलांनी दहा रुपये टाकावेत, गाडी पळवावी आणि घरी जावं, ही करमणूक झाली. पॉइंटचे रोख पैसे हातावर पडले, की तो कागद निरुपयोगी होतो. जुगाराची परवानगी असा कागद देत नाही. कॅसिनोसाठी राज्याने 1976 मध्ये कायदा केला होता खरा, पण तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला. गोव्यात कॅसिनो चालतात ते तिथल्या वेगळ्या कायद्याने. आपल्या गावच्या झेरॉक्सच्या दुकानाला त्याचा काही आधार नाही.

इथे मला तुमचं एक गृहीत तपासायचं आहे. तुम्ही ‘बंदी आली तर’ असं लिहिता, जणू आज हे चालतं ते कायदेशीर आहे आणि उद्या कुणीतरी ते बेकायदा ठरवणार आहे. रोख देणारं मशीन आजही बेकायदाच आहे. निवेदन देणारे नवा कायदा मागत नाहीत. जो आहे तो सगळ्यांना सारखा लावा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

समोरच्या सलूनवाल्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकट्या दुकानदाराने प्रामाणिक राहायचं ठरवलं की तो तोट्यात आणि शेजारचा फायद्यात, ही तुमची तक्रार अगदी बरोबर आहे. पण मग तिच्यावरचा उपाय तरी दुसरा कुठला? सगळ्यांची मशीन एकाच वेळी निघाली तरच तुम्ही एकट्या नुकसानीत जाणार नाही. ज्या कागदाला तुम्ही ‘स्वतःच्या विरुद्धचा’ म्हणता, तो तुमच्या बाजूचा एकमेव कागद आहे. दारूबंदीच्या लढ्यात आपल्या बायकांनी हे केव्हाच ओळखलं. एक दुकान उठवून भागत नाही, म्हणून त्यांनी वॉर्डाचं मतदान मागितलं, आडव्या बाटलीला मत दिलं. तुम्हाला मतदानाचीही गरज नाही, कारण जुगाराला मुळात परवानगीच नाही.

बंदीवरचे आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. चंद्रपुरात 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये उठवली गेली. अवैध दारू वाढल्याचं कारण सरकारने दिलं होतं. कागदावर बंदी घालून पाठ फिरवली तर धंदा मागच्या दाराने येतो आणि अधिक गुंड हातांत जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही जण म्हणतात, त्यापेक्षा परवाना द्या, कर घ्या, नियम लावा. मोठ्या शहरातल्या एखाद्या बंदिस्त जागेबद्दल तो वाद घालता येईल. पण एसटी स्टँडजवळच्या दुकानातल्या मशीनचा प्रोग्रॅम तपासणार कोण, सील करणार कोण, अठरा वर्षांखालच्या मुलाला दारात अडवणार कोण? तालुक्याच्या पातळीवर अशी यंत्रणा नाही. म्हणून दुकानांमधल्या मशीनबाबत माझं मत पूर्ण बंदीचं आहे, आणि ती रोजच्या व्यवहाराच्या जागांपासून सुरू व्हावी असं मला वाटतं. जुगार शोधत जाणारा माणूस कुठेही जाईल. दूध, वही, झेरॉक्स आणायला निघालेल्या माणसाच्या वाटेत तो येऊ नये, एवढं तरी गावाच्या हातात आहे.

राहिला मोबाइल. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र त्यात गुन्हेगार धरलेलं नाही. परदेशातून चालणारी ॲप चोरून चालतील हे खरं आहे. पण मुलगा मोबाइलवर बिघडेल म्हणून तो माझ्या दुकानात बिघडला तर चालेल, असं तुम्ही तुमच्या मुलाबद्दल म्हणाल का? मोबाइलचा बंदोबस्त दिल्लीला करू दे. मागच्या खोलीचा तुम्ही करू शकता.

आता काय करायचं ते.

घाईने, रागाने, रात्रीतून काही करू नका. मशीन ही त्या माणसाची मालमत्ता आहे. ती फोडू नका, विकू नका, उचलून रस्त्यावरही ठेवू नका. सर्वांत आधी वकील गाठा, पोलीस नंतर. कारण तुम्ही तक्रार करायला गेलात, तरी कायद्याच्या नजरेत आजच्या घडीला ताबेदारही आहात. काय बोलायचं आणि कुठल्या क्रमाने, हे वकिलाने ठरवलेलं बरं. वकिलाशी बोलणं होताच मागच्या खोलीची वीज बंद करून तिला कुलूप लावा. ‘महिनाअखेरपर्यंत चालू द्या’ या विनवणीला भुलू नका. तेवढ्या दिवसांत छापा पडला तर ‘मी काढणारच होते’ यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मशीनवाल्याला वकिलामार्फत लेखी नोटीस जाऊ द्या की अमुक तारखेपर्यंत मशीन घेऊन जा. त्याची प्रत आणि पोच जपून ठेवा. तो करार दाखवून घाबरवेल. ज्या कराराचा हेतूच कायद्याने मना केलेला आहे तो 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे रद्दबातल असतो, तेव्हा ‘कोर्टात खेचतो’ या धमकीत फारसा दम नाही. जुगार चालवण्याचा करार घेऊन तो न्यायाधीशासमोर उभा राहील असं मला वाटत नाही. डिपॉझिटचे त्याचे 50,000 मात्र अडवून धरायचा मोह टाळा. वकील म्हणतील तसे, शक्यतो बँकेतून, लेखी पावती घेऊन परत करा. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा. या माणसाशी देण्याघेण्याचा धागा जितका लवकर तुटेल तितकं बरं. तो किंवा त्याची माणसं दमदाटी करू लागली तर 112 वर फोन करा आणि लेखी अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या. स्थानिक ठाण्यात दाद लागत नसेल, ‘वरपर्यंत सेट’ या बोलण्यात तथ्य आहे असं दिसलं, तर तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात द्या. बचत गटाच्या दोघीतिघींना सोबत न्या. एकट्या बाईच्या अर्जाला आणि पाच जणींच्या अर्जाला सारखी वागणूक मिळत नाही, हे दुर्दैवाने खरं आहे.

मशीन निघाल्यावर निवेदनावर सही करा. आधी नको. आधी केलीत तर मशीनवाला आणि गावकरी दोघंही तुम्हाला दुतोंडी म्हणतील. नंतर केलीत तर त्या कागदावरची सर्वांत वजनदार सही तुमची असेल, कारण पैसे सोडून आलेली दुसरी व्यक्ती त्या यादीत बहुधा नसेल. आणि सही करताना निवेदनात काय लिहिलंय ते बघा. ‘जुगार बंद करा’ एवढ्यावर काही होत नाही. निवेदन फक्त नगरपरिषदेला देऊन भागणार नाही. गुन्हा नोंदवणं पोलिसांचं काम आहे आणि करमणुकीच्या परवान्यांची तपासणी जिल्हाधिकारी कार्यालयात मागायची असते. गावात असे परवाने किती, कुणाच्या नावे, कुठल्या अटींवर आहेत हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. कारवाई मशीन पुरवणाऱ्यावर आधी व्हावी, खेळणाऱ्या पोरांना पकडून आकडा भरू नये, हेही त्यात लिहायला सांगा. व्यापारी संघटनेने सभासदांना स्वतःहून मशीन काढायला एक तारीख ठरवून द्यावी. कायद्यात याला माफी नाही, पण शेजाऱ्याला तोंड न लपवता मागे फिरायची वाट मिळते. सलूनवाल्याशी तुम्ही स्वतः बोला. त्याला तुमच्याइतकं पटवून देणारं दुसरं कुणी नाही.

पैशाची भोकं बुजवणं सोपं नाही आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. मुलाच्या फीसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. खुल्या प्रवर्गात आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्कात सवलत मिळते. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर होतो. इतर प्रवर्गांच्या योजनाही तिथेच आहेत. कॉलेजच्या कार्यालयात त्याने अजून विचारलंच नसेल तर उद्या विचारू दे. मागची खोली मोकळी झाली की तिथे ऑनलाइन फॉर्म भरायला एक संगणक लावता येईल. तुमचं दुकान स्टँडजवळ आहे, झेरॉक्स आहे, प्रवेशाच्या आणि भरतीच्या हंगामात मुलं फॉर्म भरायला वणवण फिरतात. पहिल्या महिन्यापासून 9,000 नाही मिळणार. कदाचित वर्ष जाईल. मुलाला हे सगळं सांगा. तो इंजिनिअरिंगला आहे, लहान नाही. त्याच्या मेसचे पैसे कुठून येत होते आणि आता का येणार नाहीत, हे त्याला तुमच्याकडून कळू दे, मित्रांकडून नको.

त्या बारावीच्या मुलाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण पत्रात तो आहे. त्याच्या परीक्षेची फी तुम्ही भरा. गाजावाजा न करता, त्याच्या आईच्या हाती द्या. हे दान नाही. त्यातला चौथा हिस्सा तसाही तुमच्या गल्ल्यात आला होता. त्याला चारचौघांत रागावू नका, आणि आईलाही सांगा की मारझोडीने ही ओढ जात नाही, फक्त लपते. पैसे चोरणं, रात्र रात्र जागणं, ‘एकदा जिंकून सगळं फेडतो’ असं बोलणं दिसत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या. तिथे चोवीस तास, मराठीत, मोफत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही दाखवता येईल. तुमच्याकडे रोज बसणारे ते दोनतीन रिक्षावाले, हमाल, त्यांनाही हा नंबर द्या. मशीन अचानक बंद झालं की त्यांची चिडचिड होईल, कदाचित तुमच्यावरच ओरडतील. तेव्हा वाद घालू नका.

ज्यांच्याकडे अजून मशीन आलेलं नाही, पण असा माणूस गाळा बघून गेलाय, त्या वाचकांनी त्याला एकच विचारावं: पॉइंटचे पैसे रोख मिळतात का? ‘हो’ म्हणाला तर बोलणं तिथेच संपवावं. ‘नाही’ म्हणाला तर तेच करारात लिहून दे म्हणावं. बहुतेक वेळा तो परत येणार नाही.

आणि ताई, वकिलाच्या फीची चिंता असेल तर ऐका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलेला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समितीची चौकशी करा. जाताना मूळ करार, त्या परवान्याची झेरॉक्स, डिपॉझिटच्या आणि दरमहा मिळालेल्या पैशांच्या नोंदी आणि मशीनवाल्याचे मोबाइलवर आलेले मेसेज असतील तर तेही घेऊन जा. काहीही पुसून टाकू नका. वकिलाला पहिल्या भेटीतच सगळं खरं सांगा, मिळालेल्या वाट्यासकट.